लोकलला आहे!

हिंजवडीतील कोणत्याही सॉफ्टवेअर कचेरीत सकाळच्या उभ्या बैठकीला आपण जरा कान देऊन उभे राहिलात, तर ज्यांचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे ते गृहस्थ चेहऱ्यावरून नव्हे, पण एका वाक्यावरून हटकून ओळखू येतील. इतर मंडळी आपापल्या कामाची हकीकत चारदोन वाक्यांत सांगून मोकळी होतात; यांची पाळी आली, की हे हातातला चहाचा कागदी पेला किंचित वर उचलतात आणि यापुढे कोणत्याही खुलाशाची अपेक्षा राहू नये अशा प्रसन्न गांभीर्याने उद्गारतात, "झालंय. लोकलला आहे." सोमवारी ते काम लोकलला असते, मंगळवारी असते, बुधवारी तर पूर्णत्वास गेल्याची ग्वाही मिळते, आणि टेस्टिंगच्या बाईंनी, "अहो, पण मी तपासायचं काय?" असा रास्त प्रश्न केलाच, तर "या ना माझ्या जागेवर, दाखवतो," असे सस्मित निमंत्रण त्यांना लाभते.

गिट या कोडच्या फेरफारांचे दप्तर राखणाऱ्या प्रणालीच्या व्यवहाराशी ज्यांचा संबंध आलेला नाही अशा वाचकांसाठी एवढे सांगितले पाहिजे, की या पद्धतीत आपण केलेल्या फेरफारांची नोंद करणे, म्हणजे कमिट, आणि ती नोंद सर्वांच्या सामाईक दप्तरात दाखल करणे, म्हणजे पुश, ह्या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. पहिलीला ना नेटवर्क लागते, ना कोणाची मंजुरी, आणि जोवर दुसरी घडत नाही तोवर पहिलीची वार्ता आपल्या लॅपटॉपच्या बाहेर जात नाही, म्हणजेच काम 'लोकलला' राहते. 2005 च्या एप्रिलमध्ये, बिटकीपर या प्रणालीची विनामूल्य सवलत बंद झाल्यामुळे, लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नेलच्या कामासाठी गिट रचले, ते देशोदेशी विखुरलेल्या कार्यकर्त्यांपैकी प्रत्येकापाशी संपूर्ण इतिहासाची स्वतंत्र प्रत असावी या हेतूने. खुद्द टॉरवाल्ड्स हा मनुष्य असा, की आपले काम जगापुढे टाकून द्यावे, त्याच्या प्रती जगच राखील, अशा आशयाचे त्याने गिटच्याही पूर्वी, 1996 साली, थट्टेने लिहून ठेवले आहे. त्याने खंडोपखंडीच्या लोकांना दिलेले हे स्वातंत्र्य आमचे गृहस्थ शेजारच्या टेबलापासून अंतर राखण्याच्या कामी वापरतात.

हा आळस आहे असे जे कोणी म्हणतात, ते या गृहस्थांवर उघड अन्याय करतात. ते दिवसभर खपतात, कमिटही निष्ठेने करतात. फक्त प्रत्येक कमिटच्या नोंदीत, मग त्यात एका स्वल्पविरामाची दुरुस्ती असो की एकेचाळीस फाइलींची उलथापालथ, "मायनर चेंजेस" या दोन शब्दांपलीकडे मजकूर घालण्याचे त्यांना प्रयोजन वाटत नाही. पुश न करण्याचे खरे कारण अभिमानाचे आहे. रुखवतावर लग्नघटिकेपर्यंत पडदा राखणाऱ्या वधूमातेप्रमाणे, आपले काम जगाच्या दृष्टीस पडेल ते सर्वांगी सिद्ध होऊनच पडावे, अर्धवट कोडवर कोण्या दोन वर्षांच्या अनुभवाच्या पोराने टिपणी लिहू नये, अशी त्यांची आकांक्षा असते. आणि सिद्धतेचा तो मुहूर्त, काय योगायोग असेल तो असो, दर शुक्रवारी सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी येतो. कोथरूडची बस साडेसहाला सुटते.

त्या वीस मिनिटांतील गृहस्थांचे दर्शन घेण्यासारखे असते. बॅगेची चेन लावलेली, छत्री टेबलावर आडवी, आणि उभ्या उभ्याच एका हाताने आज्ञा टंकलिखित होते. सर्व्हर ती नामंजूर करतो. त्याचे म्हणणे मोठे न्यायाचे असते: दप्तरातील शेवटची नोंद तुमच्या इतिहासात पूर्वज म्हणून आढळली, तरच तुमची पुढील नोंद मी स्वीकारीन, मधल्या पाच दिवसांत इतरांनी जे दाखल केले, ते तुमच्यापाशी नाही, सबब आधी पुल घ्या, म्हणजे ते उतरवून आपल्या कामात मिसळा. गृहस्थ पुल घेतात. त्याबरोबर अकरा फाइलींत कॉन्फ्लिक्ट उभे राहतात, पडद्यावर सात-सात कोनचिन्हांच्या रांगा दिसू लागतात, वर यांचा मजकूर, खाली दुसऱ्याचा, मधे बरोबरीच्या सात चिन्हांची सीमारेषा. आणि कोणता पक्ष खरा याचा निवाडा गृहस्थांनीच करावयाचा असतो. ते घड्याळाकडे पाहतात, ही जुळवणी, म्हणजे मर्ज, रद्द करतात, आणि पुशच्या आज्ञेपुढे फोर्स हा, दप्तरातील इतरांच्या नोंदी बाजूला सारून आपलीच प्रत बसविणारा, शब्द जोडतात. या शब्दाचा एक सौम्य प्रकारही 2013 पासून उपलब्ध आहे, जो आपण शेवटचे पाहिले त्यानंतर सर्व्हरवर दुसऱ्या कोणाची भर पडली आहे काय याची चौकशी करतो व पडली असल्यास हात आखडता घेतो. पण त्याला अक्षरे अधिक लागतात. पडद्यावर एक अधिक चिन्ह उमटते, ओळीच्या शेवटी कंसात 'फोर्स्ड अपडेट' असे शब्द येतात, आणि गृहस्थ छत्री उचलतात.

बस चांदणी चौकापाशी पोचते न पोचते तोच फोन वाजतो. दुपारी शेवटचा पुश करून निश्चिंत बसलेली एक मुलगी रडवेल्या स्वरात विचारते, "सर, मेनवरचे माझे सगळे कमिट गेले, तुम्ही काही केलंत का?" गृहस्थ खिडकीबाहेर पाहत, ज्याच्या प्रामाणिकपणाविषयी मला तिळमात्र संशय नाही अशा आश्चर्याने म्हणतात, "असं कसं होईल? माझं तर सगळं नीट गेलंय."

सुदैव इतकेच, की गिटमध्ये गेलेली वस्तू सहसा गेलेली नसते. त्या मुलीच्या लॅपटॉपवरील प्रतीत आदल्या सर्व नोंदी शाबूत असतात; शाखेचे टोक कोठून कोठे हलले याची रोजकीर्द गिट प्रत्येक यंत्रावर ठेवते आणि तिच्यातील नोंदी साधारणतः 90 दिवस टिकतात. रात्री साडेनऊपर्यंत ती आणि आणखी एक मुलगा बसून दोन्ही इतिहास जुळवितात, आणि त्या अकरा फाइलींचा निवाडाही तेच करतात.

सोमवारी मेन या सामाईक शाखेवर फोर्स पुश करण्यास सक्त मनाई झाल्याचा व यापुढे प्रत्येक फेरफार दुसऱ्या एकाच्या मंजुरीनेच दाखल होईल असा हुकूम सुटतो. हुकुमात कोणाचेच नाव नसते. गृहस्थ तो लक्षपूर्वक वाचतात, मान डोलावतात आणि चारचौघांत स्पष्टपणे बोलून दाखवितात, की "हे खरं म्हणजे आधीच करायला हवं होतं." या एका बाबतीत त्यांचे म्हणणे बिनतोड आहे.