तज्ज्ञ हवेत, उत्तरासकट

प्राध्यापकांनी आपलं ज्ञान वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना द्यावं, अशी हल्ली विद्यापीठांची फार इच्छा असते. इच्छा चांगली आहे. अडचण एवढीच, की ज्याला खरोखर कळतं तो पहिल्याच वाक्यात 'आधी पाहावं लागेल' म्हणतो आणि तेवढ्यात जाहिराती सुरू होतात.

आमच्या आरोंद्यात विद्यापीठ नाही. तेरेखोलची खाडी आहे, किरणपाण्याचा पूल आहे, पुलापलीकडे गोवा. पण 26 ऑगस्ट 2024 रोजी मालवणात राजकोटावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला, तेव्हा नाक्यावरच्या टीव्हीत एवढे तज्ज्ञ दाटले की कोण कुठल्या चौकटीतून ओरडतोय ते कळेना. वारा ताशी 45 किलोमीटरचा होता, असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं होतं. त्या 45 वर मुंबईच्या वातानुकूलित खोलीत घमासान सुरू झालं. चहा पिता पिता एक गाबीत आजोबा म्हणाले, "तेवढ्या वाऱ्यान आमची कौलांपण उडनत नाय." त्यांच्याकडे पदवी नसल्याने हे मत बाद.

पण पदवीवाल्याचं तरी काय झालं? नटबोल्ट गंजल्याचं पत्र बांधकाम खात्याच्या मालवणच्या अभियंत्याने 20 ऑगस्टलाच धाडलं होतं. सहा दिवस आधी बोलणारा तो कटकट्या. पडल्यावर बोलतो तो तज्ज्ञ.

माधव गाडगीळांचं वेगळं काय झालं? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतला हा प्राध्यापक मराठी वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं लिहीत होता. त्यांच्या समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये केंद्राकडे गेला आणि कपाटात बसला. माहिती अधिकार आणि दिल्ली उच्च न्यायालय यांनी ढकलल्यावर मे 2012 मध्ये तो बाहेर आला. मग चर्चा रंगल्या. त्यात अहवाल वाचण्याची सक्ती कोणावरच नव्हती, आणि ते वाहिन्यांच्या पथ्यावरच पडलं: न वाचलेला माणूस कसा ठाम बोलतो!

कामाचं ज्ञान छापून येतं वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली, बारीक टायपात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. मोहोरावर तुडतुडे आले तर काय फवारायचं, पाऊस येणार असेल तर कापलेला भात कुठे ठेवायचा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेले 'वेंगुर्ला-4' आणि 'वेंगुर्ला-7' हे काजू इथल्या बागांत उभे आहेत. त्यामागचा प्राध्यापक कोणी प्राइम टाइमला पाहिलाय? काजू किंचाळत नाही, हा त्याचा दोष. चारविरुद्ध सात अशी झुंज लावता आली, तर एखादी वाहिनी विचार करील. (प्राध्यापकांनी मात्र येताना शेतकऱ्यांचे प्रश्न आणू नयेत. वेळ खातात.)

मागच्या पावसात खाडीचं पाणी चढलं, तेव्हा एक वार्ताहर पुलावर आला. त्याने आमच्या आजोबांपुढे माईक धरला: पूर का आला? आजोबांनी पाण्याकडे पाहिलं. "पाणी उतरू दे, मगे सांगतंय."

रात्री त्यांच्या चेहऱ्याखाली पट्टी झळकली: 'स्थानिक संभ्रमात'. शेजारच्या चौकटींत तिघे तज्ज्ञ. त्यांतल्या सर्वांत ठाम गृहस्थाने तेरेखोल नदी कोकणातून कर्नाटकात वाहत जाते असं सांगून टाकलं. बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या.

आजोबांनी विडी विझवली. "मगे पूर बेळगावाक गेलो असतलो," ते म्हणाले आणि होडी बघायला निघाले.