परतूरच्या शिवारात उतरू इच्छिणाऱ्या परग्रहवासीयांस खुले पत्र

रा. रा. परग्रहवासी मंडळी यांसी,
स. न. वि. वि.

आपण जालना जिल्ह्यात यान उतरवण्याच्या विचारात असाल, तर इथल्या विज्ञानकथेच्या वाचकाची आगाऊ माहिती असलेली बरी. प्रकाशाच्या वेगाची मर्यादा ओलांडून आपण आलात कसे, हे तो विचारणार नाही. दोन हात, दोन पाय आणि दोन डोळे हा नमुना दुसऱ्या सूर्यमालेत पुन्हा जसाच्या तसा कसा घडला, यावरही तो फारसा अडत नाही. पण परतूरच्या शिवारात, मोसंबीच्या बागेत आपलं यान उतरल्याची कथा दिवाळी अंकात छापून आली की तो चष्मा पुसून सरसावून बसतो. 'इथे? इथे कशाला येतील ते? जरा वास्तवाला धरून लिहा.' तबकडी न्यूयॉर्कवर घिरट्या घालत असली की मात्र हाच वाचक निवांत पॉपकॉर्न खात असतो.

हिशेबच मांडायचा तर मांडू. न्यूयॉर्क शहराची जमीन सुमारे ७८० चौरस किलोमीटर, जालना जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर. डोळे मिटून यान खाली सोडलं, तर न्यूयॉर्कपेक्षा जालन्यात पडण्याची शक्यता जवळजवळ दहापट. अर्थात, पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली असल्याने सगळ्यात वास्तववादी परग्रहकथेत पाहुणे समुद्रात बुडून मेले पाहिजेत. ती कथा कोणी लिहीत नाही.

शिवाय आभाळातून आलेला एक पाहुणा या भागात कधीच उतरून गेला आहे. जालन्यातल्या मंठा तालुक्याची हद्द ओलांडली की बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार लागतं. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर पृथ्वीवरच्या दुर्मीळ जागांपैकी एक. ही जागा ज्वालामुखीची, असं अनेक भूवैज्ञानिक बराच काळ मानत होते. आघाताने बदललेले खनिजांचे नमुने १९७०च्या दशकात पुढे आले आणि उल्केचा पक्ष भक्कम झाला. विवराचं वय एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षं निघालं, तर दुसऱ्या पद्धतीने पाच लाखांच्या पुढे. असा दहापट घोळ एखाद्या कथालेखकाने घातला असता, तर वाचकाने संपादकाला चार पानी पत्र धाडलं असतं. त्यात २०२०च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. कारण मिठात वाढणारे सूक्ष्मजीव निघालं, पण कथेत हा प्रसंग घातला असता तर 'अतिरंजित' हाच शेरा मिळाला असता.

दुसरा आक्षेप भाषेचा. 'परग्रहवासी मराठी कसे बोलतात?' या प्रश्नावर आपल्याजवळ नामी उत्तर आहे. १९७७ मध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांतले निरोप आहेत, त्यांत मराठीही आहे. एका स्त्रीच्या आवाजात आपल्याला नमस्कार आणि शुभचिंतन पाठवलेलं आहे. त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांनी गायलेली भैरवी आहे. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. हा योगायोग कादंबरीत कोणाच्या पचनी पडला असता? आता तबकडी ऐकून आपण शिकाल ते प्रमाण मराठी, एवढी एक अडचण आहे. त्या बोलीत आपण जालन्याच्या मोंढ्यात भाव विचारलात, तर पुण्याचे समजून दर चढा लागेल.

इथली माणसं आपल्याला पाहून काय करतील, याबद्दल मात्र पुरावा उपलब्ध आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्राच्या आकाशात जळते पट्टे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात जवळपास तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा तो अवशेष असावा, असं जाणकारांचं मत पडलं. कडं गेलं कुठे? पोलीस ठाण्यात. इस्रोचे शास्त्रज्ञ आले ते नंतर. तेव्हा यानाच्या दारातून बाहेर येताच राष्ट्राध्यक्ष, रणगाडे आणि व्हायोलिन यांची अपेक्षा ठेवू नये. पंचनामा होईल. ज्या कथेत पंचनामा नाही ती अवास्तव, हा आक्षेप कोणी घेतला तर तो बिनशर्त मान्य करावा.

पाण्याचा आक्षेपही मान्य करावा. परग्रहावरून लोक पृथ्वीवर पाणी लुटायला येतात, ही जुनी कल्पना. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरपुढे रांगेत उभ्या राहिलेल्या जालनेकराला ती वाचून हसू फुटणारच. विज्ञानही त्याच्याच बाजूने आहे: गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली पृथ्वीच्या सगळ्या महासागरांच्या सुमारे दुप्पट पाणी असावं, असा अंदाज आहे. ते वाटेत सोडून जालन्यात कोण येईल?

चिकित्सा म्हणजे काय, हे मराठीत जयंत नारळीकरांनी कथाकार आणि शास्त्रज्ञ अशा दोन्ही बाजूंनी दाखवलं. 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी नावाकडे न पाहता कथा पाहावी, हा हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे 'प्रेषित'मध्ये त्यांनी परग्रहावरचा पाहुणा आणला, आणि प्रत्यक्षात त्याचा शोधही घेतला. हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणण्याच्या प्रयोगात ते होते. २००५च्या नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांचं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं नाव मिळालं. बातमीला परग्रहाचा रंग देणं किती सोपं होतं! पण हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं यातून सिद्ध होत नाही, हे २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करतानाच सांगितलं गेलं. मोहाच्या क्षणी स्वतःच्याच कामात खोट काढणं, ही खरी चिकित्सा.

कळावे, लोभ असावा.

प्रत माहितीसाठी: विज्ञानकथेचे मराठी वाचक. आपण ऊर्जेचा हिशेब तपासावा, गुरुत्वाकर्षण तपासावं, दूरच्या ग्रहावरून उत्तर यायला किती वर्षं लागतील ते तपासावं. लेखक चुकला तर खुशाल फाडून खावा. 'पण परतूरलाच का?' हा आक्षेप तेवढा यापुढे पाठवू नये. तो विज्ञानाचा नाही.