ऑटोमॅटिक गळती

आमच्या प्रीमियर पद्मिनीत ऑटोमॅटिक अशी एकच गोष्ट होती: गळणं. बाकी सगळं हातानं. काच हातानं वर, चोक हातानं बाहेर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, तोही हातानं. आणि आमच्या नालासोपाऱ्याच्या पुलावर चढताना दम लागलाच तर मागून बायकोच्या हातानं. तेल मात्र कुणी न सांगता, सणवार न पाळता, थेंबाथेंबानं खाली यायचं.

सोसायटीच्या आवारात माती होती तोवर हे कुणाला कळलं नव्हतं. मातीनं सगळं पोटात घातलं. मग पेव्हर ब्लॉक बसले आणि आमची खासगी गळती सार्वजनिक झाली. पहिला काळा डाग पडला त्या संध्याकाळी सेक्रेटरी जातीनं खाली आले, वाकले, डागाला बोट लावून वास घेतला आणि म्हणाले, "तेल आहे." टेरेसचं पाणी चौथ्या मजल्यावर कित्येक पावसाळे झिरपतंय, त्याला अजून कुणी बोट लावलेलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: 'वाहनांनी आवारात तेल सांडू नये.' वाहनांनी! पद्मिनी मूळची कुर्ल्याची, तेव्हा तिला मराठी वाचता येत असेल असा सेक्रेटरींचा हिशेब असावा.

कुर्ल्याची हे मात्र खरं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून इटालियन फियाटची ११०० डिलाइट बाहेर पडू लागली, आणि पुढे तिचीच पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, पुढे सोफ्यासारखी सलग सीट. मुंबईनं तिला काळी-पिवळी रंगवून टॅक्सी केलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली. आमची खासगी म्हणून वाचली. फेरनोंदणी करायची, हरित कर भरायचा आणि खाली थाळी ठेवायची, एवढ्यावर तिची सेवा चालू होती.

गळक्या गाडीचा एक फायदा असतो, माणसं जोडली जातात. तळमजल्यावरचे काका सकाळी दूध आणायला जाताना थाळीत डोकावून "आज कमी आहे हो" म्हणू लागले. न्यू जर्सीतल्या भाच्यानं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "मामा, रंग कोणता?" त्याच्याकडे जुनी मस्टँग आहे, ऑटोमॅटिक. तिचं गिअरबॉक्सचं तेल लालभडक असतं म्हणे. जनरल मोटर्सनं १९३९ साली हायड्रामॅटिक आणून अमेरिकन माणसाचा डावा पाय रिकामा केला, आणि पुढे तिकडची गळती लाल झाली. आमची काळपट आणि उग्र वासाची, साधं गिअर ऑइल. "मग मागचं सील गेलंय," भाचा म्हणाला. "माझं पुढचं गेलं होतं, अख्खं ट्रान्समिशन खाली उतरवलं." हे त्यानं अशा अभिमानानं सांगितलं की मला उगाच कमीपणा वाटला.

ऑइल सील म्हणजे लोखंडी कड्यातली रबराची लिप, आणि तिला शाफ्टवर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. शाफ्टनं गरागरा फिरायचं, सीलनं जागा सोडायची नाही. आतलं तेल बाहेर नाही, बाहेरची धूळ आत नाही. सकाळच्या विरार फास्ट लोकलच्या दारातली मंडळी नालासोपाऱ्याला हेच काम करतात, फक्त विनामूल्य. रबर उष्णतेनं कडक होतं, लिपचा दाब जातो आणि तेल वाट काढतं. नवं सील स्वस्त असतं. पण त्याच्यापर्यंत पोचायचं तर गाडी वर घ्या, प्रोपेलर शाफ्ट सोडा, फ्लँजचा नट काढा. सीलचे पैसे थोडे, दर्शनाची मजुरी फार.

सीलसाठी मी मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांपर्यंत गेलो. काउंटरवर मोठ्या भावनेनं "पद्मिनीचं हवंय" म्हटलं. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "साइझ?" आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, हे आकडे जुन्या सीलवरच कोरलेले असतात. त्याच मापाचं सील उद्या एखाद्या पंपातही बसेल. घराण्याचा इतिहास सांगायची माझी तयारी होती, काम तीन आकड्यांत आटोपलं.

एका गॅरेजात सील बसलं, बिल झालं आणि थाळी कोरडी राहिली. मग जुलै आला. जुलैत नालासोपाऱ्यात गाडीखाली तेल पडतंय की नाही ते दिसत नाही, कारण गाडीखाली रस्ताच दिसत नाही. आमच्या भागातल्या तुळींजच्या तुंबलेल्या पाण्यावर इंद्रधनुष्याचा एक तवंग आमच्या मागोमाग घरापर्यंत आला, तेव्हा उलगडा झाला.

खरं तर गळती थांबवण्यात या गावानं कधीकाळी नाव काढलेलं आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, सगळ्यात आत सोन्याचा. आणि त्यात बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे. शेकडो पावसाळे वरून गेले, आतला ऐवज जागच्या जागी. आमच्या सीलला एक आषाढ निघाला नाही. अर्थात करंडक फिरत नव्हते, ही त्यांची सोय.

शेवटी आयुष्यभर टॅक्स्या उघडलेले एक म्हातारे मेस्त्री सापडले. त्यांनी नव्या सीलकडे पाहिलंसुद्धा नाही. फ्लँज पुसला, जिथे लिप टेकते तिथे नख फिरवलं आणि माझं बोट धरून तिथे लावलं. "लागतंय का साहेब?" लागत होतं. वर्षानुवर्षं घासून लोखंडात बारीक खाच पडली होती. "यावर सोन्याचं सील लावा, गळणारच." मग त्यांनी फ्लँज घासून गुळगुळीत केला, सीलला ग्रीस लावलं, ते एक-दोन मिलिमीटर आत सरकवून सरळ ठोकलं. लिप आता खाच सोडून कोऱ्या जागेवर टेकते. थाळी बायकोनं पापड वाळवायला परत नेली.

मेस्त्रींचं हे निदान मी सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडून पाहिलं. टेरेस गळतं म्हणून आपण सेक्रेटरी बदलतो, तरी टेरेस गळतंच. आधी खाच कुठे आहे ते पाहू. ठराव मताला टाकला. बहुमतानं सेक्रेटरी बदलला.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, किंवा जुनी सोसायटी, तर नवं सील आणण्याआधी ते जिथे टेकतं तिथे एकदा नख फिरवा. नख अडकलं तर सीलला शिव्या देऊ नका.