एसीपी साहेबांना मारता? शोभतं का हे!

अहो, आठवतंय ना काय आक्रीत केलं होतं सोनीवाल्यांनी? ‘सीआयडी’ मालिकेतले एसीपी प्रद्युम्न मारले! एप्रिल २०२५मध्ये, तेही बार्बोझा नावाच्या खलनायकाच्या बॉम्बने. बरं, मारून गप्प बसावं की नाही? छे! वाहिनीने समाजमाध्यमांवर रीतसर श्रद्धांजली वाहिली आणि खाली सालं टाकली, १९९८ ते २०२५. हिशेब करा म्हणजे कळेल, साहेब वयाच्या २७व्या वर्षीच गेले!

एसीपी साकारणाऱ्या शिवाजी साटमांचा जन्म २१ एप्रिल १९५०चा. म्हणजे पंचाहत्तरी तोंडावर आलेली, निरांजनं घासून ठेवायची वेळ, आणि हे फोटोला हार घालून मोकळे. कित्येक भाबड्या जिवांना तर साटमच गेले असं वाटलं. आमच्या बिल्डिंगमध्ये चुलतसासरे गेले तेव्हाही मालिका न चुकवणाऱ्या बायकांनी एसीपी गेले त्या रात्री जेवण टाकलं म्हणे. (मी नाही टाकलं. पिठलं होतं.)

आणि मरण तरी कसलं? या माणसाने कर्तव्यापायी पोटच्या पोरावर, नकुलवर, गोळी झाडली होती. २००४ साली याच मंडळींनी १११ मिनिटांचा अख्खा भाग एकही कट न घेता एका दमात चित्रित केला होता. एवढी पुण्याई गाठीशी असताना एक फडतूस बॉम्ब? फॉरेन्सिकवाले डॉ. साळुंखे तिथे नळ्या-बाटल्या हलवतच राहिले. आणि साहेबांच्या हाताखालचा दया! आयुष्यभर लोकांची दारं लाथेने मोडली, पण लेखकांच्या खोलीचं एक दार मोडायला नको का वेळेवर?

वर साहेबांच्या जागेवर आणलं कुणाला, तर अभिनेता पार्थ समथानला. पोरगा पुण्याचाच, देखणा, त्याचा काय दोष! पण काल-परवापर्यंत ‘कसौटी जिंदगी की’मध्ये अनुराग होऊन उसासे टाकणारा मुलगा आता दया-अभिजीतना हुकूम सोडणार? बायका खवळल्या. पुरुषही खवळले, पण पेपर तोंडापुढे धरून.

एवढा शिमगा झाल्यावर साहेब परतले. मेले नव्हतेच म्हणे! हे आम्ही पहिल्या दिवसापासून साहेबांच्याच शब्दांत ओरडत होतो, ‘कुछ तो गडबड है’.

पण माझा खरा संताप वेगळाच आहे. महाराष्ट्रात पोलीस अधिकारी ५८व्या वर्षी निवृत्त होतो. हे पंचाहत्तरीतही ड्युटीवर, आणि १९९८पासून पदाची पाटी तीच, एसीपी! हाताखालची माणसं आली-गेली, मालिका २०१८मध्ये बंद पडून २०२४च्या डिसेंबरात पुन्हा उभी राहिली, यांना बढती नाही ती नाहीच. सोनीवाल्यांनो, साहेबांना जिवंत केलंत, उपकार झाले. आता तेवढी डीसीपीची ऑर्डर काढा.