शंकासुर

मुळशी तालुक्यातल्या कुठल्याही हायस्कुलात जा, आठवीच्या वर्गात एक शंकासुर असतोच. त्याचं खरं नाव हजेरीपटावर असतं आणि ते हजेरीपुरतंच वापरात येतं. तास संपत आला की शिक्षक "कुणाला काही शंका?" असं विचारतात, ते वहिवाट म्हणून. "नाही सर" असं सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं आणि घंटा व्हायची, हा दोन्ही बाजूंना मान्य असलेला तह. शंकासुराने त्यावर सही केलेली नसते. त्याचा हात वर जातो आणि अर्धा वर्ग उघडलेला डबा पुन्हा दप्तरात ठेवतो.

भूगोलाचे सर सांगत असतात, "मुळा पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमा, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर." मुलं लिहून घेतात. हात वर.

"सर, मग धरणातलं पाणी भिऱ्याला कसं जातं?"

सर सावध होतात, कारण कारटं बरोबर बोलतंय. भिरा घाटाखाली, रायगडात. 1927 पासून तिथलं वीजघर मुळशीच्या पाण्यावर चालतं. पाणी सह्याद्रीच्या पोटातून पाचेकशे मीटर खाली उतरतं, वीज देतं, कुंडलिकेत पडतं, कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांचा धंदा चालवतं आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं.

"आमचं घर धरणाच्या वरच्या अंगाला, ह्याचं पौडला. मग आमच्या पन्हळीचं पाणी एका समुद्रात आणि ह्याच्या पन्हळीचं दुसऱ्या?"

"परीक्षेत बंगालचा उपसागर लिही."

"आणि खरं?"

"खरं घरी गेल्यावर."

इतर मुलं असं ऐकून विसरतात. शंकासुर खरोखरच घरी जाऊन विचारतो. आजी म्हणते, "आपली खाचरं त्याच पाण्याखाली हायेत, बाबा." मग 1921 चा सत्याग्रह निघतो. टाटांच्या धरणात जमिनी जाणार म्हणून मावळे रामनवमीच्या दिवशी कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यात. दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला हात वर. "सर, सैन्य नव्हतं तर सेनापती कसे?" सर घड्याळ बघून म्हणतात, "धरण भूगोलात येतं. तिकडे विचार."

शंकासुराला हुशार समजू नये. प्रगतिपुस्तकात तो मध्यावरच असतो, कारण तीन तासांच्या पेपरातला दीड तास पहिल्याच प्रश्नात काहीतरी गोम आहे म्हणून जातो. शिवाय त्याचं संशोधन घरच्यांना झेपत नाही. 'पर्जन्यमापक' हा प्रकल्प बाकीची मुलं स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रं आणून एका संध्याकाळी उरकतात. हा ताम्हिणीच्या रस्त्यावर शनिवार-रविवारचे पर्यटक टाकून गेलेल्या बाटल्या गोळा करतो. संध्याकाळपर्यंत वडिलांच्या कानावर येतं की तुमचं पोरगं रिकाम्या बाटल्या घेऊन हिंडतंय. पुढचा एक तास घरात विज्ञान सोडून बाकी सगळ्यावर चर्चा होते.

पण बाटली कापून, तिचंच तोंड उलटं बसवून, पट्टी चिकटवून मापक तयार होतं. आषाढात ते मध्यरात्रीच भरून वाहतं. हा ताम्हिणीचा परिसर आहे. 2024 च्या जुलैत इथे एका दिवसात साडेपाचशे मिलीमीटरहून जास्त पाऊस मोजला गेला होता, तिथे पाण्याची बाटली किती पुरणार? तो गजर लावून उठतो, इरलं घेऊन अंगणात जातो, आकडा लिहितो. "अभ्यासाला कधी असा उठला नाहीस," आई म्हणते. पौडच्या मित्राचा आकडा रोज कमी येतो, म्हणून तो आधी मित्रावर खोटेपणाचा आळ घेतो. भांडण मिटवायला बाईंना मध्ये पडावं लागतं: ढग घाटमाथ्यावर चढतानाच मोकळे होतात, पूर्वेला जाईपर्यंत उरतं थोडं. पर्जन्यछायेचा धडा वर्गात एवढाच एक जण मारामारी करून शिकलेला असतो.

विज्ञानाच्या बाईंवर त्याची विशेष भक्ती. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते, असं त्या सांगतात. हात वर. "तिला वर्षं मोजता कशी येतात?" बाई म्हणतात, "मलाही माहीत नाही." हे वाक्य शाळेत त्याने पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. तो तिथल्या तिथे नवा प्रकल्प जाहीर करतो. निष्कर्ष सात वर्षांनी. वडील विचारतात, "तोवर आठवीतच बसणार आहेस का?"

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर खायचा सोडा आणि व्हिनेगरच्या ज्वालामुखीला जातो. शंकासुराच्या तक्त्यावर तीन महिन्यांचे आकडे असतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'निष्कर्ष : अजून दोन पावसाळे लागतील.' परीक्षक म्हणतात, निष्कर्ष अपूर्ण आहे. तो विचारतो, "सर, सह्याद्रीतल्या ज्वालामुखीत सोडा होता का?"

ही खोड मोठेपणी जाईल, असं शिक्षकांना वाटतं. जात नाही. पुढे तो कोर्ट फीचा दहा रुपयांचा स्टॅम्प चिकटवून माहितीच्या अधिकारात अर्ज करू लागतो, आणि त्याचं पाकीट ओळखून कचेरीतले लोक एकमेकांकडे बघतात. तेव्हा गुरुजी, उत्तर आत्ताच दिलेलं बरं. वर्गात निदान "खाली बस" म्हणता येतं. 2005 च्या कायद्यात तशी तरतूद नाही, तिथे तीस दिवसांची मुदत आहे. आणि त्यानंतर अपील.