दोन दिवस काही करायचं नाही

मराठी माणसाचा हिमालयातला ट्रेक व्हॉट्सॲपवर सुरू होतो आणि बऱ्याचदा तिथेच सुखरूप संपतो. लडाखमधल्या मार्खा खोऱ्याचा आमचा ट्रेक सध्या तिथेच मुक्कामाला आहे. ग्रुपात येणारे थोडे, सल्ला देणारे फार. शिवाय रोज पहाटे गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवणारे एक मावसकाका आहेत. आपण कुठल्या ग्रुपात आहोत हे त्यांना अजून कळलेलं नाही.

कागदावर बेत सुटसुटीत आहे. लेहहून गाडीने झंस्कार नदीकाठच्या चिलिंगला जायचं. मग पायी स्क्यू, मार्खा, हांकर, निमालिंग करत कोंगमारू ला ही खिंड ओलांडायची आणि पलीकडे शांग सुमदोला उतरायचं. हा मुलूख हेमिस राष्ट्रीय उद्यानातला, त्यामुळे हिमबिबट्या दिसणार का यावर रात्री उशिरापर्यंत खल झाला. तो बघायचा तर भर हिवाळ्यात जावं लागतं असं कळलं, तेव्हा बिबट्याचा विषय संपला आणि थर्मल कपड्यांचा सुरू झाला.

खिंडीची उंची ५२०० मीटरच्या आसपास. आमची कळसूबाई १६४६ मीटर. तीन कळसूबाया एकीच्या डोक्यावर एक उभ्या केल्या तरी खिंड वरून खाली बघत राहील. लेह शहरच ३५०० मीटरवर, आणि तिथे आपण दिल्लीहून तासा-सव्वा तासात विमानाने जाऊन पडतो. खरी गोम इथे आहे. हवेत प्राणवायूचं प्रमाण तेच असतं, पण दाब उतरल्यामुळे दर श्वासाला समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. शरीराला हे हिशेब जुळवायला वेळ लागतो, आणि तो वेळ देणं आमच्या मंडळींच्या स्वभावात नाही.

आमचा सगळा भरवसा सिंहगडावर. दर रविवारी कोण किती मिनिटांत चढला ते ग्रुपवर पडतं. वर गेल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही किती खाल्लं ते मात्र कोणी टाकत नाही. एका मॅरेथॉनवाल्या भाच्याने तर स्वतःच्या नाडीचा आलेख टाकला. शेजारच्या डॉक्टरांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "छान आहे. पण विरळ हवा फिटनेस विचारत नाही. उलट तुझ्यासारखे दमसासवालेच पहिल्या दिवशी धावतात आणि रात्री डोकं धरून बसतात." डोकेदुखी, मळमळ अशी लक्षणं असतील तर आणखी वर चढायचं नाही, आणि ती वाढली तर रात्र असो की पाऊस, सरळ खाली उतरायचं, असंही त्यांनी बजावलं. यावर काकांनी विचारलं, "आणि कापूर?"

कापराच्या पुरचुंडीवर आमच्याकडे फार श्रद्धा. ती हुंगून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं हे खरं, पण रक्तातला प्राणवायू आहे तिथेच राहतो. डॉक्टरांनी उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सबद्दल सांगितलं. ही गोळी आधी विचारून घ्यायची, सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं सांगायचं, आणि तिने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. शेवटचा मुद्दा ऐकून ग्रुपात शांतता पसरली. निमालिंगचा तंबू पावणेपाच हजार मीटरच्या आसपास, रात्री पाणी गोठण्याच्या बेतात, आणि स्लीपिंग बॅगची चेन नेमकी त्याच वेळी अडकते.

त्याआधीचे मुक्काम गावातल्या घरांत. तिथला संडास पुण्या-मुंबईच्या माणसाने समजून घ्यायला हवा. माडीवर मातीची जमीन, मधोमध चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन फावडी माती खाली लोटायची. पाण्याचा टिपूस लागत नाही आणि वर्षभराने शेताला खत मिळतं. माझ्या मते इतकी शहाणी सोय आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला पंचवीस वर्षांत सुचली नसती. वहिनी मात्र फक्त कडी आहे का, एवढंच विचारत होत्या.

खाण्याचा प्रश्न वजनाने सुटला. विमानात पंधरा किलोंची मर्यादा, आणि काकूंची यादी मेतकुटापासून डिंकाच्या लाडवांपर्यंत. निमालिंगला पाणी ८४ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजत नाही, असं कोणीतरी लिहिल्यावर त्यांनी घरचा कुकर काढला. तिथल्या स्वयंपाक्याकडे कुकर असतो हे पटवायला लेहच्या गाईडला फोन लावावा लागला.

फोन स्पीकरवर होता. गाईड म्हणाला, "पहले दो दिन लेह में कुछ नहीं करना है."

काकांनी वही उघडली. "कुछ नहीं मतलब क्या-क्या?"

"कुछ नहीं मतलब कुछ नहीं, काकाजी. खाना, पानी, आराम."

काकांनी तोवर पहिल्या दिवसात शांतिस्तूपाच्या पाचशेच्या वर पायऱ्या, नऊ मजली लेह पॅलेस आणि खरेदी बसवली होती. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला. तिथल्या फलकावर कित्येक वर्षं १८,३८० फूट रंगवलेलं होतं, प्रत्यक्षात खिंड ५३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजारांच्या थोडी वर. मोटरसायकलवर जाऊन आलेले आमचे मेहुणे ते वरचे आठशे फूट सोडायला तयार नाहीत. पैसे भरून दोन दिवस हॉटेलात लोळायचं, तर मग लोणावळा काय वाईट, असा त्यांचा सवाल. बराच वाद झाला. शेवटी वहिनींनी वही काढून घेतली, दोन्ही दिवसांवर काट मारली आणि "झोप" असं लिहून ठेवलं.

एक जागा अजून शिल्लक आहे. सिंहगड किती मिनिटांत चढता ते कळवू नका. सिम पोस्टपेड आहे का (बाहेरचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही), सल्फाची ॲलर्जी आहे का, आणि दोन दिवस गप्प पडून राहता येतं का, एवढंच कळवा.