धायरीतल्या म्हाताऱ्या लॅपटॉपांस अनावृत पत्र

धायरी, पुणे 411041

ती. लॅपटॉपराव व सौ. चार्जरबाई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10ची नेहमीची मोफत देखभाल थांबवली आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याची खबरच लागली नाही. दिवाळी आठवड्यावर आली होती, घरोघरी आवराआवर चालली होती. कुणी रायकर मळ्यातल्या दिवाणात जुन्या चादरींखाली होतं, कुणी गारमळ्यात माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्याला टेकून, तर कुणी धायरी फाट्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात अजून भाडेकरारांच्या प्रिंट काढत होतं. खालून भंगारवाल्याची आरोळी आली की आपल्या हार्ड डिस्कचा ठोका चुकत असणार, हे पत्रलेखक जाणून आहे.

आपला गुन्हा काय, तर वय. विंडोज 11ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ही पिढी बाजारात आली 2017 साली. शिवाय टीपीएम 2.0 नावाची, गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय हवी. आपण पडलात सहाव्या-सातव्या पिढीतले. धायरीत एवढ्या वयाची स्कूटर 'सिंगल हँड, नव्यासारखी' म्हणून विकली जाते. आपल्याला मात्र ऑक्टोबर 2026पर्यंत सुरक्षा अपडेटची एक वर्षाची वाढीव मुदत तेवढी देऊ केली आहे. निवृत्त कारकुनाला कंत्राटावर परत बोलावतात तशी.

अशा पडत्या काळात सोसायटीच्या सी विंगमधून एक गृहस्थ आपल्या भेटीला येईल. तो विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवत हिंडतो, म्हणून त्याला सगळे लिनक्सवाला म्हणतात. वय पस्तिशीच्या आतलं, पाठीला सॅक, फ्लॅटच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेनड्राइव्ह. आपलं झाकण उघडायच्या आधीच तो "यावर मिंट टाकू" म्हणेल. घाबरू नका. या माणसाचा दोष एकच आहे: तो सहसा चुकत नाही. फक्त जे विचारलं ते सोडून बाकी सगळ्याचं उत्तर देतो.

उदाहरणार्थ, पहिल्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका. त्यांची तक्रार साधी होती, "सुरू व्हायला चहा होतो." लिनक्सवाल्यानं आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, पंख्यातली धूळ ब्रशनं झाडली, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसून पुन्हा खाचेत दाबल्या. खरं तर दुखणं इथंच संपलं होतं. जुना लॅपटॉप मंद होण्यामागं दहातल्या सात वेळा फिरती हार्ड डिस्क असते (हा आकडा लिनक्सवाल्याचा, आणि तो त्यानं जिना उतरता उतरता काढलेला). पण पेनड्राइव्ह खिशात असताना थांबणार कोण? त्यानं लिनक्स मिंट टाकलंच. काका आठवडाभर गप्प होते. मग एकच प्रश्न आला, "पत्ते कुठायत?" लिनक्सवर सॉलिटेअर मिळतं, आयलरायट नावानं, त्यात पत्त्यांचे कितीतरी डाव आहेत. त्यातला नेमका आपला डाव काकांना सापडेपर्यंत लिनक्सवाल्यानं त्यांना कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) म्हणजे काय ते दोनदा समजावलं होतं. आता काका खूश आहेत. कर्नल म्हणजे सैन्यातला, हे मत मात्र त्यांनी बदललेलं नाही.

त्याच्या मतांबद्दलही आपल्याला आधीच कल्पना दिलेली बरी. 'उबंटू आता पूर्वीसारखं राहिलं नाही' हे तो ज्या सुरात म्हणतो, त्याच सुरात सदाशिव पेठेतली माणसं पुण्याबद्दल बोलतात. लिनक्सची रूपं शेकड्यांनी आहेत: मिंट, फेडोरा, डेबियन, आर्च. वारीतल्या दिंड्यांसारखीच गत. पंढरी सगळ्यांची एक, पण पताका आपापली आणि चालही आपापली. आर्चच्या दिंडीतला वारकरी तर ओळख होण्याआधीच आपली दिंडी सांगतो. लिनक्सवाल्यानं गेल्या दोन वर्षांत चार दिंड्या बदलल्या. प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं आणि प्रत्येक वेळी त्याच्या मते हे शेवटचं होतं.

लिनक्स हे बाहेरून आलेलं खूळ आहे असं मात्र समजू नका. 1991च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीत 21 वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय असं जाहीर केलं, त्याच वर्षी इकडं पुण्यात सी-डॅकनं परम 8000 हा महासंगणक उभा केला. पुढं या दोन वाटा अशा मिळाल्या की 2017च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी एकूण एक लिनक्सवर चालतो. पाषाणच्या आयसरमधला परम ब्रह्मही लिनक्सवालाच. मगरपट्ट्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीचं कार्यालय आहे. देवनागरीसाठीचा लोहित फॉन्ट मुक्त केला तो याच कंपनीनं. सिम्बायोसिसमध्ये वर्षानुवर्षं ग्नूनिफाय नावाचा मुक्त सॉफ्टवेअरचा मेळा भरत आला. एवढं सगळं हाताशी असून आपल्या तालुक्या-तालुक्यांत संगणक म्हणजे विंडोज हेच समीकरण बसलं, कारण नोकरीसाठी एमएस-सीआयटी करायचं आणि तिथं समोर विंडोज असायचं. लिनक्सवाल्याचा हा राग जुना आहे. त्याच्यासमोर एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट काढू नये.

आता खेळांकडं वळू. लिनक्सवाल्याचा जीव खरा तिथं अडकलेला. पूर्वी लिनक्सवर गेम खेळणं म्हणजे उपवासाच्या दिवशी मिसळ मागण्यासारखं होतं. वाइन नावाचा प्रकल्प 1993पासून विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवू पाहत होता, पण नव्या खेळांपाशी त्याचा दम निघायचा. मग फिलिप रेबोले या जर्मन प्रोग्रामरला 'निअर: ऑटोमाटा' हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. कुणी सोय करून देईना, तेव्हा त्यानं स्वतः दुभाष्या लिहायला घेतला. गेम बोलतो मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडीची भाषा. हा दुभाष्या, डीएक्सव्हीके, तीच वाक्यं व्हल्कनच्या भाषेत ग्राफिक कार्डाला सांगतो. व्हॉल्व्ह कंपनीनं रेबोलेला हाताशी धरलं आणि ऑगस्ट 2018मध्ये वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधून प्रोटॉन आणलं. 2022मध्ये स्टीम डेक हे लिनक्सवर चालणारं आणि प्रोटॉनच्या भरवशावर विंडोजचे खेळ खेळवणारं हातातलं यंत्र आलं. कुणा एकाला एक गेम खेळायचा होता म्हणून हे एवढं झालं, ही कथा लिनक्सवाला लिफ्टमध्ये सांगतो. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबते, कथा थांबत नाही.

पुराव्यादाखल तो 'राजी' दाखवतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा हा खेळ 2020मध्ये आला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, राजस्थानी वाड्यांसारखे महाल, बाहुल्यांच्या सावल्यांतून उलगडणारी गोष्ट. 2017मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसूनही ही मंडळी हटली नव्हती. संगणकावर हा गेम निघाला विंडोजसाठी, पण प्रोटॉनवर चालतो. आपल्यासारख्या म्हाताऱ्यांना तो झेपेल का, हा प्रश्न निराळा. तो विचारला की लिनक्सवाला सेटिंग 'लो'वर नेतो आणि मंद फिरणाऱ्या महालांकडं कौतुकानं पाहत राहतो.

ऑक्टोबर 2025मध्ये स्टीम या व्हॉल्व्हच्या गेमच्या दुकानाच्या मासिक पाहणीत लिनक्सवाल्यांचा वाटा तीन टक्क्यांपलीकडं गेला. विंडोज 10 निवृत्त झालं तोच हा महिना. लिनक्सवाल्यानं सी विंगमध्ये पेढे वाटले. कशाचे ते कुणाला कळलं नाही. दोघांनी त्याचं लग्न ठरलं असं समजून अभिनंदन केलं.

पण सोसायटीतल्या अकरावीतल्या एका मुलाचं दुःख प्रोटॉननंही मिटलं नाही. त्याला हवं होतं व्हॅलोरंट. तो खेळ फसवेगिरी रोखणाऱ्या व्हॅनगार्ड नावाच्या पहारेकऱ्याशिवाय उघडत नाही, आणि हा पहारेकरी विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे थेट घरमालकाच्या शेजघरात, बसायची जागा मागतो. लिनक्सवर त्याला जागा नाही, म्हणून खेळही नाही. लीग ऑफ लीजंड्स 2024मध्ये याच कारणानं लिनक्सवरून गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस एपेक्स लीजंड्सनं फसवेगिरीचं कारण देऊन लिनक्सला दार बंद केलं. इथं दुभाष्याचा काही उपयोग नाही, कारण भाषा कळते आहे. आत घ्यायचं नाही असं ठरलेलं आहे. लिनक्सवाला यावर 19 जुलै 2024ची आठवण काढतो: क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल, कर्नलमध्ये बसलेली एक सुरक्षा प्रणाली, सुमारे 85 लाख निळे पडदे आणि आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास. उपऱ्याला शेजघरात घेतलं की असं होतं, म्हणतो. मुद्दा बिनतोड आहे. मुलगा म्हणाला, "दादा, पण माझे मित्र तिथं आहेत."

तडजोड म्हणून मुलाच्या लॅपटॉपवर दोन्ही बसवलं, विंडोज आणि लिनक्स. तेव्हापासून त्या घरातलं घड्याळ बिघडलं. कारण मजेदार आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक मानतं, लिनक्स ती ग्रिनिचची मानतं. त्यामुळं लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागं. रात्री नऊला मुलगा खेळायला बसायचा आणि आईला स्क्रीनवर दुपारचे साडेतीन दाखवायचा. ओटीपीचं ॲप रुसायचं ते वेगळं. लिनक्समध्ये एका आज्ञेनं, 'घड्याळ स्थानिक ठेव' असं सांगून, हे सुटतं. लिनक्सवाल्यानं ते तत्त्वाविरुद्ध म्हणून नाकारलं आणि विंडोजची रजिस्ट्री बदलायला बसला. याच घरातला दुसरा घोळ: गेमचा साठा विंडोजच्या ड्राइव्हवर, आणि लिनक्सला त्यावर लिहिताच येईना. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की शट डाउन केलेलं विंडोज पुरतं झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवतं. ते बंद केलं, गेम सुरू झाले. हा सल्ला शंभर नंबरी होता आणि विचारलं त्याचंच उत्तर होता. नोंद घ्यावी.

झेरॉक्सच्या दुकानात मात्र त्याची डाळ शिजली नाही. तिथल्या लॅपटॉपरावांच्या पोटात पंधरा वर्षांचे मसुदे श्री-लिपीत साठवलेले. तो फॉन्ट नसला की करारनाम्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसतो. लिनक्सवाला म्हणाला, सगळं युनिकोडमध्ये आणू, कायमचा प्रश्न मिटेल. अगदी खरं. पण समोर घरमालक, भाडेकरू आणि एजंट उभे, अकराला रजिस्ट्रेशन. बी विंगमधल्या वहिनींकडंही तेच. जीएसटीच्या हिशेबासाठी त्यांना टॅली लागतं आणि ते विंडोजवरच चालतं. "वाइनवर करून बघू का?" असं त्यानं विचारलं. वहिनींचे सासरे माळकरी. ते पंधरा दिवस बोलले नाहीत.

आणि तो स्वतः? शनिवारी रात्री अपडेट घेतो. रविवारी सकाळी काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत असते, कारण नवं कर्नल आणि ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर यांचं पटलेलं नसतं. मग तो सुरुवातीच्या यादीतून जुनं कर्नल निवडतो, ड्रायव्हर पुन्हा बसवतो, दुपारी जेवायला उठतो आणि "बघ, दुरुस्त करता येतं!" म्हणतो. सोसायटीत बाकी कुणाचं बिघडलेलंच नसतं. मोठ्यांचंही असं होतं. यूट्यूबवरच्या 'लिनस टेक टिप्स' वाहिनीच्या लिनस सबॅस्टियननं 2021मध्ये पॉप ओएसवर स्टीम बसवायला घेतलं. पॅकेजात चूक होती, यंत्रानं धोक्याची सूचना देऊन 'हो, सांगतो तसं कर' या अर्थाचं वाक्य टाइप करायला लावलं, त्यानं ते केलं, आणि अख्खा डेस्कटॉपच उडाला. लाखोंच्या देखत.

तेव्हा लॅपटॉपराव, लिनक्सवाला दारात आला की आधी त्याला आपली बॅटरी दाखवा. धायरीत पहिल्या पावसाला वीज जाते, आणि मेलेल्या बॅटरीचा लॅपटॉप कुठल्याही दिंडीत गेला तरी त्या क्षणी बंदच पडतो. मग मालकांकडून दोन गोष्टी वदवून घ्या: फोटोंची प्रत दुसरीकडं काढली का, आणि या घरात टॅली, श्री-लिपी, व्हॅलोरंट यांपैकी काय लागतं. काहीच लागत नसेल, नुसतं बँकेचं पान, यूट्यूबवरची कीर्तनं आणि पत्ते एवढंच असेल, तर निमूटपणे त्याच्या स्वाधीन व्हा. पेनड्राइव्हवरून आधी न बसवताही चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासायला लावा. चहा मात्र त्याला उशिरा द्या. चहा झाला की तो बूटलोडरवर येतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ए विंगमधला एक विंडोजवाला

ता.क. हे पत्र संपवताना कोपऱ्यातल्या घड्याळात दुपारचे 3 वाजून 30 मिनिटं झाली आहेत. खिडकीबाहेर अंधार आहे आणि खाली रात्रीचा टँकर आलेला दिसतो.